टीजे जीप, ३३ इंची टायर आणि ४.५६ चा क्राउन-पिनियन : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४, डेन्व्हर

गाडी १९९९ ची जीप रँग्लर टीजे. ४.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, एएक्स-१५ पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, एनव्ही-२३१ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणारा गिअरचा डबा; त्याची हळू चालायची लो रेंज २.७२). पुढचा ॲक्सल डॅना ३०, मागचा सी-क्लिपवाला (चाकाचा शाफ्ट आत क्लिपने अडकवलेला) डॅना ३५. कंपनीचे टायर २२५/७५ आर १५ होते. आता गाडी चार इंच उंच (लिफ्ट) करून ३३ × १०.५० आर १५ बसवले आहेत. ॲक्सल अजून कंपनीचाच.

लक्षणं अशी : हायवेवर पाचवा गिअर टाकला की गाडी ओढत नाही. चढावर चौथासुद्धा सोडून तिसऱ्यावर यावं लागतं. दगडांत पहिला लो (लो रेंजमधला पहिला गिअर) टाकूनही गाडी जरा जास्तच वेगाने पुढे जाते, मग क्लच अर्धा दाबून चालवावं लागतं आणि त्याचा वास येतो.

उपाय म्हणजे ॲक्सलचा रेशो बदलणं. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचं लहान पिनियन ॲक्सलमधला मोठा क्राउन फिरवतं; क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात तो हा रेशो. पहिलं काम म्हणजे आत्ताचा रेशो पक्का करणं. डिफच्या (डिफरेन्शियल, ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा) कव्हरवरच्या बोल्टला पत्र्याचा टॅग असतो, पण पंचवीस वर्षांच्या गाडीत कोणी काय बदललं असेल ते टॅग सांगत नाही. मागचं एक चाक जमिनीवर ठेवलं, दुसरं जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल केला. डिफ ओपन (दोन्ही चाकं वेगवेगळी फिरू देणारा) असल्यामुळे उचललेलं चाक दोन फेरे फिरवलं की क्राउनचा एक फेरा होतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण किती फेरे घेते ते मोजायचं. तीन पूर्ण आणि अगदी थोडं वर, म्हणजे ३.०७. पुढच्या ॲक्सललाही तेवढेच. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा निघाला तर तिथेच थांबावं, कारण तशी गाडी फोर-व्हीलवर कोरड्या जमिनीत चालवली की ट्रान्सफर केस आवळून बसते.

७ एप्रिल

टायरचा खरा व्यास. बाजूवर ३३ लिहिलंय म्हणून ३३ धरून चालत नाही. कंपनीगणिक फरक असतो, आणि गाडीच्या वजनाखाली रेडियल टायर दबतो. रस्त्यावर ठेवतो तेवढी, २८ पीएसआय हवा भरली, टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारली, गाडी सरळ ढकलत तीन फेरे पुढे नेली आणि टेप लावली. २९९ इंच. एका फेऱ्याला ९९.७, भागिले ३.१४१६, म्हणजे ३१.७ इंच व्यास. जुना टायर असाच मोजला तर २७.५ भरला, कागदावर तो २८.३ आहे.

पुढचं सगळं गणित ३१.७ वर. ३३ धरलं असतं तर आरपीएम चार टक्के कमी दिसले असते, आणि दोन रेशोंमधल्या निवडीत चार टक्के पुष्कळ झाले.

१३ एप्रिल

सूत्र : आरपीएम = वेग (मैल) × ॲक्सल रेशो × गिअर × ३३६ ÷ टायरचा व्यास (इंच).

भारतातल्या वाचकांसाठी तेच किलोमीटर आणि मिलिमीटरमध्ये : वेग × ॲक्सल × गिअर × ५३०५ ÷ व्यास. जिप्सी असेल तर एक गोष्ट विसरू नये, तिच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजसुद्धा १:१ नसते. तो आकडाही गुणाकारात घ्यावा लागतो, नाहीतर उत्तर पार चुकतं.

एएक्स-१५ चे गिअर : ३.८३, २.३३, १.४४, १.००, ०.७९.

६५ मैलाला, ३१.७ इंची टायरवर :

३.०७ : पाचव्यात १६७१, चौथ्यात २११५
३.७३ : २०३०, २५७०
४.१० : २२३२, २८२५
४.५६ : २४८२, ३१४२
४.८८ : २६५६, ३३६२

कंपनीच्या टायरवर हीच गाडी ३.०७ ला पाचव्यात १९२६ वर चालत होती. मोठा टायर म्हणजे सगळे गिअर एकदम पंधरा टक्क्यांनी लांब होणं (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी), ते इथे स्पष्ट दिसतं.

१४ एप्रिल

सगळीकडे पहिला सल्ला मिळतो तो असा : नवा टायर भागिले जुना टायर, गुणिले जुना रेशो. म्हणजे ३१.७ ÷ २७.५ × ३.०७ = ३.५४. या हिशेबाने ३.७३ लावून मोकळं व्हायला हवं. आमच्या मते हा हिशेब इथे उपयोगाचा नाही.

एक तर ३.०७ हा रेशो पेट्रोल वाचवण्यासाठी निवडलेला होता, ओढीसाठी नव्हे. लांब रेशोची बरोबरी साधली तर हाती पुन्हा लांब रेशोच येतो. त्याच मॉडेलला कंपनी ३० इंची टायरसोबत ३.७३ द्यायची. तो आधार जास्त खरा, त्यावरून ३३ ला ४.१० येतो.

पण ४.१० ने सुद्धा फक्त व्यासाची भरपाई होते. टायरमागे पंधरा-वीस पौंड वजन वाढलंय आणि ते थेट फिरणाऱ्या कडेवर आहे. लिफ्टमुळे गाडी वाऱ्याला जास्त अंगावर घेते. बंपर, विंच, स्किड प्लेट आहेतच.

आणि उंची. हे इंजिन टर्बोशिवायचं आहे. हवा विरळ झाली की ताकद थेट घटते, ढोबळमानाने दर हजार फुटांना तीन टक्के. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे घरातून निघतानाच सुमारे पंधरा टक्के गेलेले. आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, तिथे सुमारे तीस टक्के. सिल्व्हरथॉर्नकडून बोगद्याकडे येणारा चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. समुद्रसपाटीवर बसून केलेले तक्ते कोलोराडोत एक पायरी लांब निघतात, ते याच कारणाने.

२० एप्रिल

निर्णयाची कसोटी एकच ठेवली : बोगद्याच्या चढावर ६० मैलाला चौथा गिअर कुठे बसतो. या इंजिनचा सर्वाधिक टॉर्क २८०० च्या आसपास येतो.

३.०७ ला १९५०. तिथे इंजिन नुसतं घुमतं, म्हणून तिसऱ्यावर यावं लागतं. ४.१० ला २६०७, जवळ पण खालच्या बाजूला, वारा समोरून आला की उतरणार. ४.५६ ला २९००. ४.८८ ला ३१०३, हेही चालेल.

मग ४.८८ का नाही? पिनियनमुळे. ४.१० मध्ये क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १०. ४.५६ मध्ये ४१ आणि ९. ४.८८ मध्ये ३९ आणि ८. रेशो आखूड होईल तसं पिनियनचं डोकं लहान होत जातं आणि एका वेळी गुंतणारे दात कमी होतात. डॅना ३० चा क्राउन मुळातच ७ १/८ इंची आहे. त्यात टीजेचा पुढचा ॲक्सल लो पिनियन (पिनियन क्राउनच्या मध्याखाली) आहे, म्हणजे गाडी पुढे ओढताना भार दातांच्या कोस्ट बाजूवर (एरवी ॲक्सिलरेटर सोडल्यावर काम करणाऱ्या) येतो, आणि ती बाजू ड्राइव्ह बाजूपेक्षा कमकुवत. आठ दातांचं पिनियन अशा ठिकाणी पुढे चढताना धोक्याचं. ३५ इंची टायर असता तर ४.८८ ला पर्याय नव्हता, पण तेव्हा हे ॲक्सलही ठेवले नसते. २००३ पासूनच्या टीजेतला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असता तरी ४.८८ चा विचार जास्त गंभीरपणे केला असता, कारण तिथे वरचा गिअर आणखी लांब असतो.

क्रॉल रेशोसाठी (सगळ्यात हळू चालतानाचा एकूण रेशो) ॲक्सल निवडू नये, हे आमचं ठाम मत. पहिला × लो × ॲक्सल : ३.०७ ला ३२, ४.१० ला ४२.७, ४.५६ ला ४७.५, ४.८८ ला ५०.८. आयडलला ७०० आरपीएम धरले तर ४.५६ ला ताशी १.४ मैल आणि ४.८८ ला १.३. दगडात हा फरक पायाला कळतसुद्धा नाही. खरोखर हळू जायचं असेल तर ४:१ ची ट्रान्सफर केस घ्यावी, त्याने हाच आकडा ७० पर्यंत जातो आणि हायवेवर काहीच बदलत नाही. ॲक्सलचा रेशो रस्त्यासाठी निवडायचा, लो रेंज दगडांसाठी.

ठरलं : ४.५६, पुढे-मागे दोन्हीकडे.

२७ एप्रिल

सामान मागवलं. इथे एक खर्च बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो डिफचा गाभा. डॅना ३० मध्ये ३.५४ पर्यंतचा कॅरिअर वेगळा आणि ३.७३ पासून पुढचा वेगळा. डॅना ३५ मध्ये ३.३१ पर्यंतचा एक, ३.५४ पासूनचा दुसरा. पिनियन लहान झालं की क्राउन पिनियनकडे सरकवावा लागतो, म्हणून क्राउन बसतो तो फ्लँजच वेगळ्या जागी असतो. ३.०७ वरून ४.५६ वर जाताना दोन्ही कॅरिअर बदलावेच लागतात. गाडीत आधीच ३.७३ असते तर दोन्ही वाचले असते.

कॅरिअर घ्यायचाच आहे तर मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा कॅरिअर) घेणंच शहाणपणाचं. डॅना ३५ चे मूळ शाफ्ट २७ स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) आहेत, ३३ इंची टायर आणि लॉकर यांच्यापुढे ते टिकत नाहीत. आणि सी-क्लिपच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाकच बाहेर यायला लागतं. म्हणून ३० स्प्लाइनचे क्रोमोली शाफ्ट आणि त्यांना जुळणारा एअर लॉकर. मागवताना स्प्लाइन आणि सी-क्लिप या दोन्ही गोष्टी जुळतात हे पाहून घ्यावं.

बाकी : प्रत्येक ॲक्सलला पिनियनची दोन आणि कॅरिअरची दोन बेअरिंग, शिमचा (जाडी जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच, क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना दबणारी नळी, प्रत्येकी एक जास्तीची), पिनियन नट, पिनियन सील, क्राउनचे नवे बोल्ट, पुढच्या ट्यूबमधली आतली सील, खुणेची पिवळी पेस्ट, ८०डब्ल्यू-९० तेल. डायल इंडिकेटर आणि इंच-पौंडांत वाचणारा काट्याचा टॉर्क रेंच हवाच. क्लिक होणाऱ्या रेंचने बेअरिंगचा प्रीलोड (आवळल्यावरचा ताण) मोजता येत नाही, तो फिरताना लागणारं बल दाखवत नाही.

११ मे : पुढचा ॲक्सल

३६ मिमीचा ॲक्सल नट, मग हबचे तीन १३ मिमी बारा कोनी बोल्ट. हब नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) गंजून बसतात. बोल्ट थोडे सैल करून, सॉकेट आणि एक्स्टेंशन टेकवून स्टिअरिंग फिरवलं की ते दाबाने बाहेर येतात. हातोड्याने मारलं तर बेअरिंग जातं.

कॅरिअर काढण्याआधी बेअरिंग कॅपवर पंचने खुणा केल्या. कॅप हाउसिंगबरोबर एकत्र मशीन केलेल्या असतात, उलट-सुलट बसल्या की बेअरिंग आवळतं.

डॅना ३० मध्ये कॅरिअरचे शिम बेअरिंगच्या आत, कॅरिअरच्या बाजूला असतात. प्रत्येक बदलाला बेअरिंग ओढून काढलं तर ते खराब होणारच. म्हणून जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून हाताने सरकेल इतकं मोठं केलं आणि मांडणी त्यांच्यावर केली. नवी बेअरिंग अगदी शेवटी दाबायची. पिनियनच्या खोलीचे शिम आतल्या बेअरिंगच्या कपाखाली येतात. सुरुवात जुन्या शिमच्याच जाडीने.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आजचा क्रम असा झाला :

जुने शिम, बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली ढील) ८ थाऊ. पेस्टची खूण दातांच्या माथ्याकडे, अरुंद आणि कडक कडेची. पिनियन उथळ आहे. ५ थाऊ वाढवले.

पिनियन आत आल्यावर बॅकलॅश कमी झाला, म्हणून क्राउन थोडा मागे सरकवून पुन्हा ८ वर आणला. एका बाजूचे १० थाऊ दुसऱ्या बाजूला नेले की बॅकलॅश साधारण ७ थाऊने बदलतो. खूण आता दाताच्या मुळाकडे झुकलेली, म्हणजे थोडं जास्त खोल. २ थाऊ काढले.

तिसऱ्या वेळी खूण माथा आणि मूळ यांच्या मधोमध, कडा विरलेल्या. बॅकलॅश चार ठिकाणी मोजला : ७, ७, ८, ७. चारही जागांत २ थाऊपेक्षा जास्त फरक आला तर क्राउनच्या बैठकीवर कचरा किंवा बर आहे असं समजावं आणि उघडावं.

खूण पाहताना क्राउन हाताने फिरवताना पिनियनला फडक्याने अडवून धरावं. भाराशिवाय उमटलेल्या खुणेवरून काही कळत नाही. पुढच्या लो पिनियन ॲक्सलमध्ये पुढे जाताना कोस्ट बाजूच काम करते, तेव्हा ती बाजूही ड्राइव्ह बाजूइतक्याच बारकाईने पाहिली.

१२ मे

मांडणी पक्की. नवी बेअरिंग दाबली, क्राउनचे बोल्ट थ्रेडलॉक लावून समोरासमोर क्रमाने ८० फूट-पौंड, बेअरिंग कॅप ४५.

क्रश स्लीव्ह हे या कामातलं सर्वांत संयमाचं पाऊल. नट आवळताना आधी काहीच होत नाही, २०० फूट-पौंडांच्या वर गेल्यावर स्लीव्ह दबायला लागते, आणि त्यानंतर अगदी थोड्या फिरवण्याने प्रीलोड झपकन वाढतो. नव्या बेअरिंगला १५ ते ३५ इंच-पौंड हवेत. नट काही अंशच फिरवायचा, पिनियन पाच-सहा वेळा फिरवून बेअरिंग बसू द्यायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. १९ वर थांबलो. प्रीलोड जास्त झाला तर नट मागे सैल करून चालत नाही. दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही, मग पिनियन मोकळं राहतं आणि काही हजार मैलांत दात जातात. तेव्हा नवीच स्लीव्ह घालायची, जास्तीची आणली ती यासाठी.

१८ मे : मागचा ॲक्सल

डॅना ३५ मध्ये क्रॉस पिनचा (कॅरिअरमधून आरपार जाणाऱ्या पिनचा) लॉक बोल्ट कुप्रसिद्ध आहे. बारीक, थ्रेडलॉकमध्ये बसलेला, आणि जोर लावला की मान तुटते. आधी टॉर्चने थोडं तापवलं, थ्रेडलॉक मऊ झाल्यावर सहा बाजूंच्या सॉकेटने हळूच काढला. बोल्ट निघाला की क्रॉस पिन, मग शाफ्ट आत ढकलून सी-क्लिप.

इथे कॅरिअरचे शिम बेअरिंगच्या बाहेर, कप आणि हाउसिंगच्या मध्ये असतात, त्यामुळे बॅकलॅशचं काम फार सोपं. पिनियनचे शिम मात्र पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगच्या खाली. दुसऱ्याच मांडणीत खूण जुळली, बॅकलॅश ७ थाऊ. कॅप ५७ फूट-पौंड.

१९ मे

स्पीडोमीटर. या गाडीत ट्रान्सफर केसच्या शेपटाला प्लॅस्टिकचा लहान गिअर असतो. जुना तसाच ठेवला तर खऱ्या ६० मैलाला काटा ७७ दाखवेल. हिशेब : २७ दात × (४.५६ ÷ ३.०७) × (२७.५ ÷ ३१.७) = ३४.८, म्हणून ३५ दातांचा बसवला. त्याचा ॲडॅप्टर विकेंद्री असतो आणि त्यावर दातांचे गट लिहिलेले असतात : २६ ते ३१, ३२ ते ३८, ३९ ते ४५. आपला गट खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहावर यायला हवा. नाही फिरवला तर नवा गिअर एक तर दातांना पोहोचत नाही किंवा खरवडून जातो.

पहिली रपेट : २० मिनिटं शहरातून, वेग बदलत, जोर न लावता. मग पूर्ण थंड होऊ दिली. पहिल्या ५०० मैलांत टोइंग नाही आणि लांब पल्ल्याचा हायवे नाही. नव्या दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसताना तेल खूप तापतं, आणि एकदा दातांचा कडकपणा उतरला की तो परत येत नाही. हाउसिंग हाताला सहन होत नसेल तर थांबायचं.

१ जून

शहराबाहेर ६५ मैलाला पाचव्यात टॅकोमीटर २५०० च्या किंचित खाली, कागदावर २४८२. जीपीएस आणि स्पीडोमीटर एका मैलात जुळतात.

५५ च्या पुढे मागून बारीक थरथर. डिफचा दोष म्हणून लगेच क्राउन उघडायला घेण्याचं कारण नाही. ६५ मैलाला कंपनीच्या मांडणीत प्रोपेलर शाफ्ट २४३८ आरपीएमने फिरायचा, आता तो ३१४२ ने फिरतो. टीजेचा मागचा शाफ्ट आखूड आहे, लिफ्टमुळे त्याचा कोन तीव्र झाला आहे. आधीपासूनच असलेला दोष वाढलेल्या फेऱ्यांमुळे जाणवू लागला. डिफचा आवाज वेगळा असतो : तो वेगासोबत सूर बदलतो आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना बदलतो. हा तसा नाही.

१५ जून

स्लिप योक (शाफ्टचं सरकणारं टोक) काढून ट्रान्सफर केसला फिक्स्ड योक आणि डबल कार्डन (दुहेरी सांध्याचा) शाफ्ट बसवला. मागचं पिनियन शाफ्टच्या रेषेत यावं म्हणून वरचे कंट्रोल आर्म लांबवले. ७० पर्यंत थरथर नाही. ४.५६ चं बजेट करताना हा शाफ्ट सुरुवातीलाच धरायला हवा, निदान चार इंच लिफ्ट असलेल्या टीजेत.

१३ जुलै

५०० मैलांचं तेल बदललं. पुढच्या डिफमधून चुंबकावर राखाडी बारीक चिखल, चकाकणारे तुकडे नाहीत. मागे तसंच. बॅकलॅश पुन्हा मोजला : पुढे ७, मागे ७.

सिल्व्हरथॉर्नकडून बोगद्यापर्यंत चौथ्यात, ५८ ते ६०, पाय पूर्ण न दाबता. वेबस्टर पासच्या चढावर पहिला लो आणि क्लचला हात लावायची गरज नाही, आयडलवर गाडी स्वतः चढते. उतारावर दुसरा लो पुरतो, ब्रेकचा वास नाही.

राहिलेलं काम : पुढच्या डॅना ३० साठी लॉकर आणि बाहेरचे मजबूत शाफ्ट. ओपन कॅरिअर ३.७३ पुढच्या गटातलाच बसवला आहे, त्यामुळे लॉकर घेताना क्राउन-पिनियन हाच राहील, फक्त मांडणी नव्याने करावी लागेल.